गर्दीत सर्व्हर पडला तर त्याचा पंचनामा कसा करावा

गुढीपाडव्याला सकाळी दहा वाजता वाशीच्या फळबाजारातल्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या साइटवर हापूसच्या पेट्यांचं बुकिंग उघडलं आणि दहा वाजून चार मिनिटांनी साइट बंद पडली. मी ठाण्यात तलावपाळीवर स्वागतयात्रेच्या गर्दीत उभा होतो. ढोलताशात फोन ऐकू येईना म्हणून जांभळी नाक्याकडच्या एका गल्लीत शिरलो, तिथल्या बंद दुकानाच्या पायरीवर लॅपटॉप उघडला आणि पहिली आज्ञा दिली ती रीस्टार्टची. साइट चालू झाली, दोन मिनिटं टिकली, पुन्हा पडली. मग साइटचा कोड चालवणाऱ्या पीएचपीच्या प्रोसेसची मर्यादा वीसवरून ऐंशीवर नेली. पाच मिनिटांत डेटाबेसच मेला. सव्वाअकरापर्यंत आम्ही एकूण नऊ वेळा रीस्टार्ट केलं, आणि नवव्या वेळेलाही सर्व्हर का पडतोय हे आम्हाला माहीत नव्हतं.

खरं कारण संध्याकाळी सापडलं. ते गर्दी नव्हतं, कमी ताकदीचा सर्व्हरही नव्हता. ते कसं सापडलं आणि सकाळी काय करायला हवं होतं, ते त्याच क्रमाने सांगतो. आमचा सर्व्हर लिनक्सचा, दोन कोअर आणि चार जीबी मेमरीचा, महापेच्या एका डेटा सेंटरमधला भाड्याचा. पुढे ग्राहकाची विनंती घेणारा वेब सर्व्हर एन्जिनएक्स, मागे पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणारा पीएचपी-एफपीएम, त्याच्यामागे डेटाबेस, म्हणजे मायएसक्यूएल. तुमच्याकडे जावा किंवा पायथन असेल तर नावं बदलतील, तपासाची रीत हीच राहील.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. "लोड आला म्हणून पडला" हे कारण नाही. गर्दीत प्रत्येक वेळी कुठली तरी एक ठरावीक जागा सगळ्यांच्या आधी भरते: मेमरी, प्रोसेसची संख्या, डेटाबेसची कनेक्शन, फाइलींची मर्यादा किंवा डिस्क. ती जागा कोणती हे कळेपर्यंत कुठलाही आकडा वाढवू नका.

पायरी पहिली: रीस्टार्टच्या आधी दोन मिनिटं

रस्त्यावर अपघात झाला की गाड्या बाजूला घ्यायच्या आधी पंचनामा होतो. इथेही तेच करायचं. रीस्टार्ट केलं की त्या क्षणी कोण कशात अडकलं होतं हा पुरावा गेला. ग्राहक ताटकळत असताना दोन मिनिटं थांबणं जिवावर येतं, मान्य आहे. म्हणूनच हे काम करणारी एक छोटी स्क्रिप्ट आधीच लिहून ठेवायची. आमच्या स्क्रिप्टचं नाव ‘पंचनामा’ असंच आहे.

तिने वेळ लिहावी, मग ‘फ्री’ (मेमरी), ‘टॉप’ची (चालू प्रोसेस) एक झलक, ‘व्हीएमस्टॅट’च्या दर सेकंदाच्या दहा ओळी, ‘एसएस’कडून सॉकेटचा गोषवारा आणि रांगांची यादी, ‘डीएफ’ (डिस्क), मायएसक्यूएलची पूर्ण प्रोसेसलिस्ट (कोणतं कनेक्शन काय करतंय त्याची यादी) आणि एफपीएमचं स्टेटस पान हे सगळं एका फाइलीत टाकावं. फाइलीच्या नावात तारीख आणि वेळ असू द्या. एफपीएमचं स्टेटस पान मुळात बंद असतं, ते आजच चालू करा आणि बाहेरच्या जगाला दिसणार नाही याची काळजी घ्या.

पूर्ण मशीन रीबूट करणं तर अगदी शेवटचा उपाय. केर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश मेमरीत असतात, रीबूटने ते पुसले जातात. सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टिमडीचं जर्नल (नोंदवही) डिस्कवर साठतंय की नुसतं मेमरीतच, हेही तपासा. ‘/व्हार/लॉग/जर्नल’ ही डिरेक्टरीच नसेल तर सहसा ते डिस्कवर साठत नाही.

घड्याळाचीही एक खोड आहे. बरेच सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी दहाची घटना तिथे ४:३० ला नोंदलेली असते. आम्ही त्या दिवशी दहाच्या आसपासच्या नोंदी शोधत बसलो आणि "लॉगमध्ये काहीच नाही" म्हणत अर्धा तास घालवला.

पायरी दुसरी: मेला, अडकला की नकार देतोय?

ग्राहकाला तिन्ही प्रकार सारखेच दिसतात, म्हणून फोनवर "साइट बंद आहे" एवढंच कळतं. फरक एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये सापडतो. ५०४ म्हणजे मागच्या प्रोग्रॅमने ठरलेल्या वेळेत उत्तर दिलं नाही; ही वेळ मुळात ६० सेकंद असते. म्हणजे तो बहुधा जिवंत आहे, पण अडकलाय. ५०२ म्हणजे मागे कनेक्शनच मिळालं नाही किंवा मध्येच तुटलं. ५०२ दिसला की एरर लॉगची ओळ पूर्ण वाचा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल तर मागे कोणी ऐकतच नाहीये, म्हणजे प्रोसेस मेली असावी. ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’ असेल तर प्रोसेस जिवंत आहे, पण तिच्या दारातली रांगही भरली.

तिसरा आकडा ४९९. हा एन्जिनएक्सचा स्वतःचा कोड आहे: ग्राहक कंटाळून उत्तर येण्याआधीच निघून गेला. ५०२ सुरू व्हायच्या काही मिनिटं आधी ४९९ वाढत गेले असतील, तर सर्व्हर एकदम पडलेला नाही, आधी मंदावलाय. आमच्याकडे दहा वाजून एका मिनिटापासून ४९९ दिसत होते. ग्राहक गेला तरी पीएचपीला ते लगेच कळत नाही, ती त्याचं काम रेटत राहते. तोच ग्राहक पान रिफ्रेश करून पुन्हा येतो. एक माणूस, दोन प्रोसेस अडकलेल्या.

प्रोसेस खरोखर मेली असेल तर ती कशी मेली ते ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’ सांगतं. शेलमध्ये किंवा डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवण्याची सोय) १२८ पेक्षा मोठा एक्झिट कोड दिसला तर त्यातून १२८ वजा करा, उरतो तो सिग्नल. १३७ म्हणजे सिग्नल ९, बाहेरून कोणीतरी जबरदस्तीने मारलं. बहुतेक वेळा मेमरी संपली म्हणून केर्नलने. १३९ म्हणजे सिग्नल ११, सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्रॅमने चुकीच्या मेमरीला हात लावला. १३४ म्हणजे सिग्नल ६, प्रोग्रॅमने स्वतःच अबॉर्ट केलं. १४३ म्हणजे सिग्नल १५, कोणीतरी रीतसर बंद व्हायला सांगितलं. अशा वेळी सहकाऱ्यांना विचारा, कदाचित कोणी डिप्लॉय करत, म्हणजे नवा कोड चढवत असेल. १३९ आणि १३४ ही कोडमधल्या दोषाची खूण आहे. तिथे कोअर डंप (मरतानाच्या मेमरीची प्रत) जपून ठेवायचा, ‘कोअरडंपसीटीएल’ने शोधायचा आणि ‘जीडीबी’त बॅकट्रेस बघायचा. तो वेगळा तपास आहे, त्यात इथे शिरत नाही.

पायरी तिसरी: कोणती जागा भरली?

मेमरीपासून सुरुवात करा. ‘फ्री’मध्ये ‘फ्री’ नावाचा रकाना बघून घाबरू नका. लिनक्स रिकामी मेमरी फाइलींच्या कॅशसाठी वापरतं, तो आकडा नेहमी लहानच दिसतो. बघायचा तो ‘अव्हेलेबल’. नंतर ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे केर्नलच्या संदेशांत, ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. ती ओळ सापडली तर ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा केर्नलचा भाग) कुणाला मारलं ते नावासकट तिथे लिहिलेलं असतं.

इथेच आमची सगळ्यात मोठी फसगत झाली. ओओएम किलर गुन्हेगाराला मारत नाही, सहसा सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्या एका प्रोसेसला मारतो. पीएचपीच्या ऐंशी प्रोसेस प्रत्येकी साधारण ६० एमबीच्या, म्हणजे एकूण ४८०० एमबी. मशीनच ४०९६ एमबीचं. पण त्यातली एकेक प्रोसेस लहान, आणि मायएसक्यूएल हा एकटा मोठा. त्यामुळे मेमरी पीएचपीने खाल्ली आणि जीव डेटाबेसचा गेला. आम्ही तासभर डेटाबेसची सेटिंगं धुंडाळली. मायएसक्यूएलचा ‘ओओएम स्कोअर अॅडजस्ट’ उणे करून त्याला वाचवता येतं (पल्ला उणे १००० ते १०००), पण मग दुसरं कोणीतरी मरेल.

डॉकर वापरत असाल तर ‘मेमरी सीग्रुप’ असा उल्लेख दिसतो का बघा. मशीनमध्ये मेमरी शिल्लक असूनही कंटेनरला दिलेली मर्यादा संपली की तो मारला जातो. जावावाल्यांनी लक्षात ठेवायचं की हीप (जावा प्रोग्रॅमचा डेटा ठेवण्याची जागा) म्हणजे सगळी मेमरी नाही. प्रत्येक थ्रेडचा स्टॅक, मेटास्पेस, हीपबाहेरचे बफर हे वेगळे. दोन जीबीच्या कंटेनरमध्ये दोन जीबीची हीप दिली तर तो कधी ना कधी पडणारच.

आता डेटाबेसची कनेक्शन. मायएसक्यूएलमध्ये मुळात १५१, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये १००. ‘टू मेनी कनेक्शन्स’ दिसलं की हात आपोआप आकडा वाढवायला जातो. थांबा. प्रोसेसलिस्ट वाचा. शंभर कनेक्शन ‘स्लीप’ दाखवत असतील तर ती अॅपने धरून ठेवली आहेत, डेटाबेसकडे कामच नाही. सगळी एकाच टेबलाच्या लॉकसाठी थांबली असतील तर वाढवलेली कनेक्शनंही त्याच रांगेत उभी राहतील. पोस्टग्रेसमध्ये तर प्रत्येक कनेक्शन ही वेगळी प्रोसेस असते, तिथे आकडा वाढवणं म्हणजे मेमरीच्या अडचणीला आमंत्रण.

फाइलींची मर्यादा फार लवकर तपासून होते. ‘टू मेनी ओपन फाइल्स’ असं लॉगमध्ये स्पष्ट लिहून येतं. प्रत्येक कनेक्शन एक फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीचा क्रमांक) खातं आणि मूळ सॉफ्ट मर्यादा बहुतेक ठिकाणी १०२४ असते. मात्र ‘लिमिट्स डॉट कॉन्फ’मध्ये केलेला बदल सिस्टिमडीने चालवलेल्या सर्व्हिसला लागू होत नाही. तिच्या युनिट फाइलीत ‘लिमिट-नोफाइल’ लिहावं लागतं. लागू झालं की नाही ते ‘/प्रॉक’मध्ये त्या प्रोसेसच्या ‘लिमिट्स’ फाइलीत बघा, अंदाजावर राहू नका.

दारातली रांग ‘एसएस’मध्ये दिसते. ऐकणाऱ्या सॉकेटसाठी ‘रिसीव्ह क्यू’ म्हणजे आत्ता रांगेत किती, ‘सेंड क्यू’ म्हणजे रांगेत जास्तीत जास्त किती मावतात. दोन्ही आकडे जवळ आले की दार भरलं. केर्नलची ही मर्यादा, ‘सोमॅक्सकॉन’, पूर्वी १२८ होती, ५.४ आवृत्तीपासून ४०९६ झाली. जुन्या मशीनवर हा फरक जाणवतो.

एकाच मागच्या सर्व्हरला सतत नवी कनेक्शन जोडत असाल तर पोर्टही (कनेक्शनला लागणारे क्रमांक) संपतात. लिनक्स मुळात ३२७६८ ते ६०९९९ एवढेच पोर्ट देतं, म्हणजे २८,२३२. बंद झालेलं कनेक्शन ‘टाइम-वेट’मध्ये ६० सेकंद पोर्ट अडवून बसतं. भागाकार केला तर सेकंदाला सुमारे ४७० नवी कनेक्शन हीच सीमा. उपाय कीप-अलाइव्हचा, म्हणजे तेच कनेक्शन पुन्हा वापरायचं. आणि डिस्क: ‘डीएफ’ने जागा आणि आयनोड (फाइलींच्या नोंदींची जागा) दोन्ही बघा. गर्दीत लॉग फुगून डिस्क भरते हे वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त वेळा घडतं.

पायरी चौथी: अडकलेला माणूस काय करत होता?

आमच्या पंचनाम्यात सगळ्यात विचित्र गोष्ट ही होती की सीपीयू जवळजवळ रिकामा होता. लोड अॅव्हरेज एकच्याही खाली. लिनक्सचा लोड अॅव्हरेज चालणाऱ्या प्रोसेस मोजतो आणि डिस्कसारख्या गोष्टींसाठी न हलता थांबलेल्याही मोजतो, पण नेटवर्कवरच्या उत्तराची वाट बघणारी प्रोसेस त्यात येत नाही. साइट बंद, सीपीयू निवांत आणि लोडही कमी, हे तिन्ही एकत्र दिसलं की समजा, सगळे कुणाची तरी वाट बघत बसलेत.

कुणाची, ते एफपीएमच्या स्लोलॉगने सांगितलं. तो मुळात बंद असतो. पाच सेकंदांवर लावला की त्याहून जास्त वेळ घेणारी प्रत्येक विनंती कोडच्या कुठल्या ओळीवर उभी आहे ते लिहून ठेवतो. जावासाठी ‘जेस्टॅक’ पाच-पाच सेकंदांच्या अंतराने तीनदा घ्या, पायथनसाठी ‘पाय-स्पाय’. तिन्ही वेळा तीच ओळ दिसली तर चोर सापडला. डेटाबेसवर संशय असेल तर मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग चालू करा आणि त्याची मूळ दहा सेकंदांची मर्यादा एकवर आणा. दहा सेकंदांत वाट लागून गेलेली असते.

आमच्या स्लोलॉगमध्ये प्रत्येक नोंद एकाच जागी थांबलेली होती: ऑर्डर नोंदल्यावर ग्राहकाला एसएमएस पाठवणारी ओळ. सणाच्या सकाळी एसएमएस पुरवठादाराचं उत्तर वीस-वीस सेकंदांनी येत होतं आणि तोपर्यंत आमची पीएचपी प्रोसेस हातावर हात धरून उभी.

"पण आपण तीस सेकंदांची मर्यादा लावलीय ना, सर?" असं माझ्या तरुण सहकाऱ्याने विचारलं. लावली होती, आणि लिनक्सवर ती इथे कामाची नव्हती. पीएचपीचा ‘मॅक्स एक्झिक्युशन टाइम’ स्क्रिप्टच्या स्वतःच्या कामाचा वेळ मोजतो, नेटवर्कवर किंवा डेटाबेसवर थांबलेला वेळ त्यात धरत नाही. बाहेरच्या सेवेशी बोलणाऱ्या पीएचपीच्या कर्ललाही एकूण वेळेची मर्यादा मुळात नसतेच. ती आपण घालायची असते.

पायरी पाचवी: कागदावरचा हिशेब

जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम इथे पुरतो: एका वेळी आत असलेली माणसं म्हणजे दर सेकंदाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. आमच्याकडे सेकंदाला तीन ऑर्डर येत होत्या. एरवी एका ऑर्डरला ०.२ सेकंद, म्हणजे ०.६ प्रोसेस पुरेशी. वीस सेकंद लागायला लागले की ६० प्रोसेस हव्यात. गर्दी तेवढीच, गरज शंभरपट. आमच्या वीस प्रोसेस वीस सेकंद अडकल्या की सेकंदाला एकच ऑर्डर बाहेर पडणार आणि उरलेल्या दोन रांगेत साचत जाणार.

नंतर मेमरीचा हिशेब. ४०९६ एमबीमधून सिस्टिमसाठी ५०० आणि मायएसक्यूएलसाठी १२०० बाजूला काढले, उरले सुमारे २४००. प्रत्येक प्रोसेस ६० एमबी धरली तर ४०. आकडा ४० असायला हवा होता, ८० हा तर मशीनच्या बाहेरचा होता. प्रोसेसची मेमरी मोजताना ‘आरएसएस’ सामायिक भागही पुन्हा पुन्हा मोजतो. ‘पीएसएस’ आकडा जास्त खरा, तो ‘एसमेम’मध्ये मिळतो.

शंभर टक्के वापराचं स्वप्नही बघू नका. लोक अनियमित अंतराने येतात आणि एकच खिडकी आहे असं धरलं, तर खिडकी ५० टक्के व्यग्र असताना लागणारा वेळ दुप्पट होतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० टक्क्यांना दहापट. ठाणे स्टेशनच्या पुलावर रोज जाणाऱ्याला हे गणित समजावायला नको. जिना तोच असतो, दोन गाड्या एकदम लागल्या की माणूस पायरीवर उभा राहतो.

पायरी सहावी: दुरुस्ती, आणि तिचा क्रम

पहिली दुरुस्ती मुळावर. एसएमएस पाठवणं ऑर्डरच्या वाटेतून काढलं. ऑर्डर डेटाबेसमध्ये नोंदायची, एसएमएसचं काम वेगळ्या रांगेत टाकायचं, ग्राहकाला लगेच ऑर्डर क्रमांक दाखवायचा. रांगेतून उचलून पाठवणारी प्रोसेस वेगळी. तिच्या कर्लला जोडणीसाठी दोन आणि एकूण पाच सेकंदांची मर्यादा. पाठवणं फसलं तर लगेच परत नाही. आधी दोन सेकंदांनी, मग चार, मग आठ, आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक, म्हणजे सगळे एकदम धडकणार नाहीत.

दुसरी, मर्यादांची उतरंड. आतल्याची मर्यादा बाहेरच्यापेक्षा कमी हवी. बाहेरच्या सेवेला ५ सेकंद, पीएचपी विनंतीला ‘रिक्वेस्ट टर्मिनेट टाइमआउट’ २० सेकंद, एन्जिनएक्सला ३०. उलटी रचना असेल तर पुढचा सोडून देतो आणि मागचा राबत राहतो.

तिसरी, दारावरचा माणूस. एन्जिनएक्सच्या ‘लिमिट रिक्वेस्ट’ने एका पत्त्यावरून येणाऱ्या विनंत्यांवर मर्यादा घातली. मोबाइल कंपन्यांमुळे एका पत्त्यामागे बरेच ग्राहक असू शकतात, म्हणून ती फार आवळली नाही. चाळीसही प्रोसेस भरल्या की पुढच्यांना "एक मिनिटाने प्रयत्न करा" असं हलकं, स्थिर पान. माझं ठाम मत आहे की दहा जणांना नम्रपणे थांबवणं हे शंभर जणांना अडकवून ठेवण्यापेक्षा चांगलं. व्यापाऱ्यांना हे पटवायला वेळ लागला, कारण दुकानदाराच्या नजरेत दारातून परत गेलेला गिऱ्हाईक म्हणजे गेलेला गिऱ्हाईक.

पडलेला सर्व्हर गर्दीत उठवायचाच झाला तर आधी पुढचं दार बंद करून ते स्थिर पान लावा. मग डेटाबेस, मग अॅप, आणि मग दार हळूहळू उघडा. रीस्टार्टनंतर कॅश रिकामी असते आणि बाहेर ताटकळलेले सगळे एकदम आत येतात. आमच्या नऊपैकी निदान सहा रीस्टार्ट याच धक्क्याने वाया गेले असावेत. सिस्टिमडीवर पुन्हा उठवण्याचं काम सोपवलं असेल तर तीही मुळात दहा सेकंदांत पाच प्रयत्न झाले की हात टेकते, हे ध्यानात ठेवा.

पायरी सातवी: मुद्दाम पाडून बघा

दुरुस्ती झाली असं म्हणायचं ते पुन्हा तशीच गर्दी करून बघितल्यावर. के-सिक्स, जेमीटर, लोकस्ट या नकली गर्दी करणाऱ्या साधनांपैकी जे येतं ते वापरा, पण चाचणी दुसऱ्या मशीनवरून चालवा आणि होस्टिंगवाल्यांना आधी कळवा. एसएमएस आणि पेमेंटच्या जागी नकली सेवा लावा, आणि तिला मुद्दाम वीस सेकंद उशीर करायला लावा. चटपटीत उत्तर देणारी नकली सेवा ठेवली असती तर आमची चाचणी पहिल्याच दिवशी पास झाली असती आणि दोष तसाच राहिला असता.

आणखी एक फसवी गोष्ट. काही चाचण्या आधीचं उत्तर आल्याशिवाय पुढची विनंती पाठवत नाहीत. सर्व्हर मंदावला की चाचणीही मंदावते, आणि आकडे छान येतात. खरी माणसं अशी थांबत नाहीत. म्हणून सेकंदाला ठरावीक विनंत्या पाठवणारा प्रकार निवडा. सेकंदाला एक, तीन, सहा, दहा असं चढत जा, प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटं थांबा. सरासरी बघू नका, ९५ आणि ९९ वा पर्सेंटाइल बघा, म्हणजे शंभरातल्या ९५ आणि ९९ विनंत्या किती वेळाच्या आत झाल्या ते. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि वहीत लिहा. मेमरी गळते का हे बघायला चार-पाच तासांची संथ चाचणी वेगळी. गर्दी ओसरल्यावरही मेमरी दिवसेंदिवस चढतच असेल तर ती गळती आहे.

आम्ही अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात तीन रात्री हे केलं. पहिल्या रात्री सेकंदाला सहा ऑर्डरींवर सर्व्हर पडला, कारण लॉगने डिस्क भरली. दुसऱ्या रात्री दहावर टिकला. तिसऱ्या रात्री नकली एसएमएस सेवा पूर्ण बंद ठेवून चालवलं. अक्षय्य तृतीयेच्या सकाळी पुरवठादाराचं उत्तर पुन्हा रेंगाळलं. चाळीसपैकी जास्तीत जास्त चार प्रोसेस एका वेळी कामात होत्या, एसएमएस वीस मिनिटं उशिरा गेले, आणि व्यापाऱ्यांचा फोन आला तो साडेअकराला, पेट्या संपल्या म्हणून बुकिंग बंद कसं करायचं ते विचारायला.